लोखंड वितळलंच नाही, तरी लोखंड झालं!

दिल्लीत कुतुबमिनाराच्या आवारात एक लोखंडी खांब उभा आहे. उंची ७.२ मीटर, वजन सहा टनांहून जास्त, वय सुमारे १,६०० वर्षं. त्यावर ब्राह्मी लिपीत ‘चंद्र’ नावाच्या एका राजाची कीर्ती कोरलेली आहे. हा चंद्र म्हणजे गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एवढे पावसाळे अंगावर घेऊनही हा खांब गंजून पडला नाही, ही गोष्ट तुम्ही नक्कीच ऐकली असेल. पण त्याच्याही पुढची नवलाई फारसं कुणी सांगत नाही. ज्यांनी हा खांब घडवला, त्यांनी त्यासाठी लोखंड वितळवलं नव्हतं. एकदाही नाही!

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? लोखंड दगडातून काढायचं म्हणजे दगड तापवायचा, लोखंडाचा रस करायचा आणि तो साच्यात ओतायचा. आजच्या मोठ्या कारखान्यांत साधारण तसंच चालतं, हे खरं. पण माणूस लोखंड बनवायला शिकला, त्यानंतरही शेकडो वर्षं जगाच्या बहुतेक भागांत लोखंडाचा रस कुणाच्या दृष्टीलाही पडला नव्हता. तरी नांगराचे फाळ झाले, कुऱ्हाडी झाल्या, तलवारी झाल्या. हे जमलं कसं?

आधी थोडे आकडे बघू. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. तांबं वितळायला १,०८५ अंश लागतात. मातीची चांगली भट्टी, भरपूर लोणारी कोळसा आणि न थकता भाता मारणारी माणसं असली की एवढी उष्णता मिळते. म्हणून तांबं माणसाला आधी वश झालं. १९७४ साली आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला जमिनीतून चार जडशीळ वस्तू निघाल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. धातूचा रस करून ओतण्याची विद्या आपल्याकडे किती जुनी आणि किती पक्की होती, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

आणि लोखंड? त्याला वितळायला १,५३८ अंश लागतात. भात्यावरची माणसं घामानं निथळली, तरी मातीच्या साध्या भट्टीची धग साधारण १,२०० ते १,३०० अंशांवर अडते. म्हणजे निदान दोन-अडीचशे अंश कमीच पडतात. गाडी इथेच अडायला हवी होती. पण अडली नाही, कारण दगडातून लोखंड काढायला ते वितळवण्याची गरजच नसते.

सायकलचा एखादा भाग पावसात राहिला की गंजतो, हे तुम्ही पाहिलंय. हवेतला ऑक्सिजन आणि पाणी लोखंडाला बिलगतात आणि तांबूस भुकटी होते. ज्या दगडातून लोखंड काढतात, त्यातही हीच जोडी असते. लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. कोकणातला जांभा लाल का दिसतो? गोव्यातल्या खाणींची माती लाल का? याच जोडीमुळे. तेव्हा दगडातून लोखंड हवं असेल तर गंज चढण्याच्या बरोबर उलटं काम करायचं. ऑक्सिजनला लोखंडापासून तोडायचं. बस, एवढंच. मला तर या साऱ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

एक प्रयोग करून बघा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला आणि नदीकाठच्या कोरड्या वाळूत फिरवा. बाहेर काढलंत की पिशवीला काळे, चकचकीत कण चिकटलेले दिसतील. आता चुंबक पिशवीतून काढून घ्या, कण टपटप खाली पडतील. ते मॅग्नेटाइट आहे, लोखंडाचं खनिज. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे, त्याची झीज होऊन ते नदीत येतं. जपानमध्ये अशाच काळ्या वाळूपासून लोखंड बनवत आले आहेत. तिथल्या शिमाने भागात अजूनही हिवाळ्यात जुन्या पद्धतीची भट्टी लावतात. ती तीन दिवस, तीन रात्री पेटती ठेवतात आणि त्यातून जे पोलाद मिळतं, ते तलवारी घडवणाऱ्या कारागिरांना देतात.

बरं, ऑक्सिजनला तोडणार कोण? कोळसा. भट्टीत कोळसा खच्चून भरलेला असतो आणि हवा मात्र एका नळीतून बेतानंच येते. त्यामुळे सगळा कोळसा पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटवू नये असं घरातली मोठी माणसं बजावतात, ते याच विषारी वायूमुळे. या वायूला आणखी ऑक्सिजन हवाच असतो. तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, कार्बन डायऑक्साइड होतो आणि वर निघून जातो. मागे उरतं लोखंड. ही ओढाओढ ८००-९०० अंशांनाही चालते!

मग भट्टी १,२०० अंशांवर न्यायची कशाला? दगडात नुसतं लोखंडच नसतं. वाळू-मातीचा भागही असतो, आणि त्याला बाहेर काढल्याशिवाय लोखंडाचे कण एकमेकांजवळ येत नाहीत. हा भाग लोखंडाचं थोडं ऑक्साइड सोबत घेऊन १,२०० अंशांच्या आसपास पातळ होतो आणि खाली निथळतो. तीच मळी. बघा हं, भट्टीत वितळते ती मळी. लोखंड घट्टच राहतं.

हे सगळं होताना कसं दिसतं? मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या मैकल डोंगरांत अगरिया नावाचे लोक राहतात. लोखंड बनवणं हा त्यांचा पिढीजात धंदा होता. व्हेरिअर एल्विन हे अभ्यासक त्यांच्यात राहिले, भट्ट्या बघितल्या, गाणी-गोष्टी ऐकल्या आणि १९४२ साली त्यांनी ‘द अगरिया’ नावाचं पुस्तक लिहिलं.

अगरियांची भट्टी मातीची. तिच्यापुढे दोन भाते. भाता म्हणजे लाकडाचं कोरलेलं खोलगट भांडं आणि त्यावर बांधलेलं कातडं. कातड्याच्या मधोमध एक भोक. प्रत्येक कातड्याला दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक मागे जमिनीत रोवून वाकवलेल्या बांबूला. आता भाता मारणारा किंवा मारणारी या दोन्हींवर एकेक पाय ठेवून उभी राहते. डावा पाय दाबला की टाचेनं भोक बंद होतं, हवेला दुसरी वाट राहत नाही आणि ती नळीतून सपकन भट्टीत जाते. अंगाचा भार उजव्या पायावर गेला की डावीकडचा वाकलेला बांबू सरळ व्हायला बघतो, दोरी खेचतो, कातडं वर उचलतो आणि भोकातून पुन्हा हवा आत भरते. डावा, उजवा, डावा, उजवा. हे तासन् तास चालतं. यात कुठेही यंत्र नाही. आहे ते लाकूड, कातडं, बांबू आणि पाय. तरी भट्टीला हवेचा खंड म्हणून पडत नाही.

वरून टोपलीनं कोळसा घालायचा, मग खनिज घालायचं, पुन्हा कोळसा. कशाचं किती, हे सवयीनं ठरतं. खालच्या भोकातून लालभडक मळी ओघळायला लागली की काम नीट चाललंय हे कळतं. शेवटी भट्टीचं मातीनं लिंपलेलं तोंड फोडतात आणि लांब सांडशीनं आतला गोळा बाहेर ओढतात. हा गोळा बघून पहिल्यांदा तर निराशाच वाटेल. जाळीदार अनारशासारखा, सगळा भोकाभोकांचा, आणि प्रत्येक भोकात मळी अडकलेली. पण तो ऐरणीवर ठेवतात, तांबडालाल असतानाच घणानं ठोकतात. घाव पडेल तशी मळी ठिणग्यांबरोबर बाहेर उडते, भोकं मिटतात आणि गोळा लहान व भरीव होत जातो. पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. झालं लोखंड!

अगरियांच्या कथांत लोहासुर लोखंडाचा, कोइलासुर कोळशाचा आणि आग्यासुर आगीचा. या तिघांची मर्जी सांभाळली तर भट्टी यशस्वी होते, असं ते मानतात. रसायनशास्त्राची शिकवण न घेताही कामाच्या तिन्ही गोष्टी त्यांनी किती नेमक्या ओळखल्या होत्या!

आता दिल्लीचा खांब कसा झाला असेल ते तुम्हीच ओळखाल. अशाच भट्ट्यांतून निघालेले लोखंडाचे गोळे. दोन गोळे खूप तापवून एकमेकांवर ठेवले आणि जोरात ठोकले की ते न वितळताच एकजीव होतात. असे गोळ्याला गोळा जोडत, तापवत, ठोकत सहा टनांचा खांब उभा राहिला. एवढा अवजड, धगधगता तुकडा हलवायचा, फिरवायचा आणि त्यावर घाव बरोबर बसवायचे, हे काही खायचं काम नाही. अंगावर काटा येतो!

आणि तो गंजला का नाही, याचं उत्तरही भट्टीतच आहे. त्या लोखंडात फॉस्फरस बराच राहून गेला होता. आजच्या पोलादातून तो काढून टाकतात, कारण फॉस्फरस जास्त असला की पोलाद ठिसूळ होतं. कानपूरच्या आयआयटीतले शास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या खांबाचा कसून अभ्यास केला. फॉस्फरसमुळे खांबावर एक अगदी पातळ थर तयार झाला आणि तो आतल्या लोखंडाला सांभाळतो, असं त्यांनी दाखवून दिलं. पूर्वी लोक खांबाला पाठ टेकवून, हात मागे नेऊन कवेत घ्यायचा प्रयत्न करायचे. हात जुळले तर नशीब उघडतं म्हणे! हजारो हातांनी तो थर झिजायला लागला, म्हणून १९९७ मध्ये खांबाभोवती कुंपण घातलं.

आता ‘पहिल्यांदा कुणी?’ हा प्रश्न आलाच. तो विचारायला सोपा आहे, पण उत्तर देताना भल्याभल्यांत वाद होतात. जगातल्या सर्वात जुन्या लोखंडी वस्तूंसाठी तर कुणी भट्टी पेटवलीच नव्हती. ते लोखंड आकाशातून पडलं होतं!

इजिप्तमध्ये गेर्झे नावाच्या ठिकाणी १९११ साली एका जुन्या दफनभूमीत नऊ लोखंडी मणी मिळाले. वय सुमारे ५,२०० वर्षं. कुणीतरी उल्केचा तुकडा ठोकून त्याचा पातळ पत्रा केला होता आणि पत्रा गुंडाळून नळीचे मणी. तुतनखामेन हा इजिप्तचा राजा विशीही न गाठता वारला. त्याच्या ममीच्या गुंडाळ्यांत एक सुंदर खंजीर होता, सोन्याच्या म्यानात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी त्याची तपासणी केली, तेव्हा त्यात जवळजवळ ११ टक्के निकेल निघालं. खनिजापासून बनवलेल्या जुन्या लोखंडात एवढं निकेल नसतं. उल्केत असतं. ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांकडेही उल्केच्या लोखंडाच्या सुऱ्या असत. तिथल्या सर्वात मोठ्या तुकड्याचं वजन ३१ टन आहे. तो आता न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. पण आकाश काही रोज लोखंड पाडत नाही. म्हणून त्या काळी ते दागिन्यांना आणि राजांना, बास.

भट्टीतल्या लोखंडाची गोष्ट सांगताना आजच्या तुर्कस्तानचं नाव हमखास येतं. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी तिथल्या कानेश शहरात असिरियाचे व्यापारी राहत. ते मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहीत. त्या पाट्यांवरून कळतं, की तेव्हा लोखंड चांदीच्या कित्येक पटींनी महाग होतं. पुढे तिथेच हित्ती राजांचं मोठं राज्य झालं. त्यांच्यातल्या तिसऱ्या हत्तुसिली राजाचं सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं एक पत्र सापडलंय. दुसऱ्या एका राजानं त्याच्याकडे लोखंड मागितलं होतं. हत्तुसिली कळवतो, की चांगलं लोखंड सध्या कोठारात नाही, बनवायला दिवसही बरे नाहीत, झालं की पाठवतो. तूर्त खंजिराचं एक पातं पाठवत आहे. राजाच्या कोठारातही माल संपलेला!

हित्ती लोकांनी लोखंडाचं गुपित दडवून ठेवलं आणि त्यांचं राज्य बुडाल्यावर ते जगभर पसरलं, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं आढळतं. ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण आता बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. हित्तींच्या राजधानीत लोखंडाच्या वस्तूंचे ढीग निघाले नाहीत आणि आसपासच्या देशांतही त्या काळी थोडंफार लोखंड होतंच.

मग इ.स.पू. १२०० नंतर लोखंड घरोघरी का जाऊ लागलं? इथे आपल्याला समुद्राच्या तळाशी जायला हवं. १९८२ साली तुर्कस्तानच्या उलुबुरून किनाऱ्याजवळ समुद्रातले स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याला बुडालेलं जहाज दिसलं. ते सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बुडालं होतं. त्यात १० टन तांबं आणि १ टन कथील भरलेलं होतं. तांब्यात कथील मिसळलं की कठीण कांसं होतं आणि त्या काळातली हत्यारं कांशाची असत. पण कथील फार थोड्या ठिकाणी मिळतं. ते दूरदूरहून आणावं लागे. इ.स.पू. १२०० च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठची बरीच राज्यं कोसळली, जहाजांचे मार्ग बिघडले. लोखंडाच्या दगडाला मात्र जहाज लागत नाही. पृथ्वीच्या कवचातल्या दर १०० किलोंमागे सुमारे ५ किलो लोखंड असतं. तांबं? जेमतेम ५-६ ग्रॅम!

एक सांगायला हवं. भट्टीतून निघालेलं नुसतं लोखंड चांगल्या कांशापेक्षा मऊच असतं. तेव्हा ते लगेच सगळ्यांना भावलं असं नाही. त्याचं खरं सामर्थ्य थोड्या वेळानं उघड झालं. त्याकडे येतोच.

आपल्या देशात काय चाललं होतं? लोखंड इकडे पश्चिमेकडून आलं असं अभ्यासक बरीच वर्षं धरून चालले होते. पण राकेश तिवारी यांनी उत्तर प्रदेशात मल्हार, दादुपूर, राजा नल का टीला अशा ठिकाणी उत्खनन केलं. तिथलं लोखंड इ.स.पू. १८०० पर्यंत मागे जातं, असं त्यांनी २००३ साली मांडलं. तमिळनाडूत मयिलाडुम्पारै इथली तारीख इ.स.पू. २१७२ निघाली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या पुरातत्त्व विभागानं शिवगलैसाठी याहूनही मागची, इ.स.पू. ३३४५ पर्यंत जाणारी तारीख जाहीर केली. त्यावर सध्या जोरात चर्चा चालू आहे. लोखंडाशेजारी मिळालेला कोळसा खरंच त्याच काळातला का, अशा जुन्या भट्ट्या मिळतात का, असे प्रश्न विचारले जात आहेत आणि ते विचारायलाच हवेत.

या तारखा काढतात तरी कशा? पुन्हा कोळसाच मदतीला येतो. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेतं आणि त्यात थोडा कार्बन-१४ असतो. झाड तोडलं की नवीन येणं थांबतं आणि जुना हळूहळू घटत जातो. दर ५,७३० वर्षांनी निम्मा. कोळशात किती उरला हे मोजलं, की झाड कधी तोडलं ते सांगता येतं. भट्टीवाल्यांनी नकळत आपल्यासाठी घड्याळच ठेवून दिलंय म्हणा ना.

माझं मत विचाराल, तर ‘एकाच जागी शोध लागला आणि तिथून सगळीकडे गेला’ असं चित्र मला पटत नाही. आफ्रिकेकडे बघा. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हाया लोक राहतात. १९७०च्या दशकात पीटर श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी हे दोन संशोधक त्यांच्याकडे गेले. तरुणपणी लोखंड बनवलेले काही आजोबा गावात होते. त्यांनी आठवणीतून पुन्हा भट्टी उभी केली. भिंतींना वारुळाची माती, खड्ड्यात दलदलीतले जाळलेले बोरू आणि हवेच्या नळ्या थेट भट्टीच्या पोटात घातलेल्या. आत शिरलेल्या नळ्या तापतात, त्यामुळे हवा आधीच गरम होऊन येते आणि धग वाढते, असं त्या दोघांनी मांडलं. अगरियांची भट्टी वेगळी, हायांची वेगळी, जपानची आणखी वेगळी. ज्याला जी माती, जे झाड, जो दगड जवळ, त्यानं त्यातून आपली रीत बसवली.

आणि आपला महाराष्ट्र? नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचं गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केलं आणि लोखंड गाळायची भट्टीच हाती लागली. गोल भट्टी, तिच्या मातीच्या विटा, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि भोवती मळी. सुमारे २,६०० ते २,७०० वर्षांपूर्वीची! त्या काळी विदर्भात लोक आपल्या मृतांसाठी मोठमोठ्या दगडांची वर्तुळं रचत. नागपूरजवळ जुनापाणीला आजही ती दिसतात. माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या वर्तुळांत कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या मिळाल्या. घोड्यांचे सांगाडे, त्यांच्या तोंडातले लोखंडी लगाम आणि तांब्याची आभूषणं मिळाली. या कुऱ्हाडींची एक खूण आहे. लाकडी दांड्याला पातं घट्ट बसावं म्हणून त्याच्यावरून लोखंडाच्या पट्ट्या आडव्या आवळलेल्या असतात. लोहारानं गिऱ्हाइकाची अडचण ऐकून काढलेली युक्ती असणार ती!

आता लोखंडाच्या खऱ्या सामर्थ्याकडे वळू. भट्टीत कोळसा ऑक्सिजन तोडतो, हे झालं त्याचं पहिलं काम. दुसरं काम तो गुपचूप करतो. तापलेल्या लोखंडात थोडा कार्बन स्वतः शिरतो. अगदी थोडा शिरला, शंभरात एकाच्या आसपास, तर लोखंडाचं पोलाद होतं. ते तापवून एकदम पाण्यात बुडवलं की कमालीचं कठीण होतं. लोहार यालाच ‘पाणी देणं’ म्हणतात. कांसं मागे पडलं ते या पाणी दिलेल्या पोलादापुढे. आणि कार्बन आणखी शिरला, शंभरात चारच्या आसपास, तर भलतीच गंमत होते. ते लोखंड १,५३८ अंशांची वाट बघत नाही, १,१५० अंशांनाच वितळतं! हेच बीड. तुमच्या घरातला बिडाचा तवा या जातीचा. म्हणून तो साच्यात ओतून करता येतो आणि म्हणूनच फरशीवर आपटला तर तडकतो. चीनमधल्या लोकांनी हे इ.स.पू. पाचव्या शतकापर्यंत साधलं होतं. उंच भट्ट्या, दमदार भाते आणि साच्यांत ओतलेले फाळ. युरोपला तिथवर यायला आणखी दीड हजार वर्षांहून जास्त काळ लागला.

दक्षिण भारतातल्या कारागिरांनी तिसरीच वाट काढली. मातीच्या छोट्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे. सोबत तरवडाच्या वाळक्या काटक्या आणि वर रुईची पानं. हो, आपल्याकडे माळावर पिवळा फुलतो तोच तरवड! मुशीचं तोंड मातीनं बंद करायचं आणि ती भट्टीत तापवायची. काटक्यांतला कार्बन लोखंडात शिरतो, त्यामुळे ते कमी उष्णतेला पातळ होतं. मग मूस सावकाश निवू द्यायची. आत मिळते पोलादाची भरीव वडी. तमिळनाडूत कोडुमणल इथे अशा कामाच्या जुन्या खुणा आहेत. तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी तर पोलाद घ्यायला थेट इराणहून व्यापारी येत. याच वड्यांपासून पश्चिम आशियात पाण्याच्या लहरींची नक्षी असलेल्या तलवारी घडवत. ही नक्षी वरून काढलेली नसते. पोलाद सावकाश निवताना आतच तयार झालेली असते.

यात मुंबईचाही एक धागा आहे. १७९४ साली मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. पुढे ज्यांनी हे पोलाद हातात घेऊन वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यांच्यात मायकेल फॅरडे होते. होय, विजेचे शोध लावणारे तेच! त्यांचे वडील लोहार होते. यातलं बळ ॲल्युमिनाचं आणि सिलिकाचं असावं, असं फॅरडेंना वाटलं. खरी करामत कार्बनची होती. पण या पोलादाची नक्कल करायच्या खटपटीतून मिश्रधातूंचा अभ्यास मात्र पुढे सरकला.

आपल्या भट्ट्यांचं पुढे काय झालं? महाबळेश्वरच्या परिसरात आणि घाटाखाली जांभ्यातून लोखंड काढणारे धावड लोक होते. इकडे धावड, तिकडे अगरिया, दोघांवर सारखीच पाळी आली. इंग्रजी राजवटीत जंगलं सरकारच्या ताब्यात गेली, कोळशासाठी लाकूड तोडणं अवघड झालं. अगरियांच्या भट्ट्यांवर तर करही होता. त्यातच आगबोटीनं विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं. भट्ट्या एकेक करून विझल्या. हे वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण भाता कधी हलका मारायचा आणि खनिज कधी घालायचं हे ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं. ते करणाऱ्यांच्या हातापायांतच होतं.

मळी मात्र कुठे जात नाही. ती गंजत नाही, कुजत नाही, आणि कुणी चोरतही नाही. डोंगरउतारावर, जुन्या पांढरीच्या टेकाडावर किंवा नांगरलेल्या शेतात तुम्हाला कधी काळा, हाताला जड लागणारा खडा दिसला, तर नीट निरखा. एका बाजूला ओघळून थिजल्याच्या सुरकुत्या आहेत का? फोडलेल्या बाजूला बुडबुड्यांची भोकं आहेत का? आत कोळशाचा कण अडकलाय का? तसं असेल तर आजूबाजूला भाजलेल्या मातीच्या नळीचे तुकडेही शोधा. खणू नका आणि काही उचलून घरी नेऊ नका, कारण वस्तू कुठे पडली होती यावरच पुरातत्त्वज्ञांची निम्मी माहिती ठरते. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि शाळेतल्या बाईंना किंवा सरांना सांगून जवळच्या वस्तुसंग्रहालयाला कळवा.